पहिले वर्ष आणि वर्गाबाहेरचे महाविद्यालय

बारावीचा निकाल लागला की उमरग्याच्या बसस्थानकावरची गर्दी बदलते. गुंजोटी, तुरोरी, मुळज, बलसूर, कदेर, येणेगूर अशा गावांतून नवे चेहरे उतरू लागतात. हातात प्लास्टिकच्या पिशवीत दाखले, सोबत वडील किंवा मामा, आणि चेहऱ्यावर थोडा आनंद व बरीचशी भीती. कोणी श्री छत्रपती शिवाजी महाविद्यालयात जातो, कोणी आदर्श महाविद्यालयात, कोणी मुरूमच्या माधवराव पाटील महाविद्यालयात. काही जण धाराशिव, सोलापूर, लातूर किंवा थेट छत्रपती संभाजीनगर गाठतात. प्रवेश होतो, पावती मिळते आणि घरच्यांना वाटते, गंगेत घोडे न्हाले! परंतु प्रवेश मिळणे आणि महाविद्यालयाचे होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतील दुसरी गोष्ट आपल्या मुलामुलींना कोणी सांगत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

आपला प्रथम वर्षाचा विद्यार्थी दिवस कसा घालवतो ते पाहा. सकाळच्या गाडीने येतो, मागच्या बाकावर बसतो, हजेरीला ‘यस सर’ म्हणतो आणि तास संपला की बसस्थानकाकडे वळतो. सूचना फलकासमोर तो थांबत नाही, कारण फलकावरचे आपल्यासाठी आहे असे त्याला वाटतच नाही. वक्तृत्व स्पर्धा शहरातल्या मुलांसाठी, स्नेहसंमेलन पैसेवाल्यांसाठी, राष्ट्रीय सेवा योजना सरांच्या मर्जीतल्या मुलांसाठी, अशी त्याची पक्की समजूत असते. तीन वर्षे अशीच जातात. पदवी मिळते, पण ज्या ठिकाणी तीन वर्षे काढली तिथला एकही प्राध्यापक त्याला नावाने ओळखत नाही. पुढे नोकरीच्या अर्जासाठी चारित्र्याचा दाखला हवा असतो, तेव्हा तो द्यायचा कोणी, हाही प्रश्न उभा राहतो.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ साली विद्यार्थी शिक्षण अर्ध्यावर का सोडतात याची मांडणी केली. गुण व घरची परिस्थिती यांच्याबरोबरच विद्यार्थी त्या संस्थेच्या अभ्यासजीवनात आणि समाजजीवनात किती मिसळला यावर तो टिकणे अवलंबून असते, असे त्यांचे म्हणणे होते. अलेक्झांडर ॲस्टिन यांनी १९८४ साली ‘सहभाग’ या एका शब्दाभोवतीच आपला सिद्धांत उभा केला. विद्यार्थी महाविद्यालयात जितकी शक्ती आणि मन घालतो तितके तो शिकतो, हा त्याचा गाभा. आपल्या आजीबाईंनी हेच चार शब्दांत सांगितले असते. पण विद्यापीठाच्या माणसांना ते विद्यापीठाच्या भाषेत सांगितलेले पटते.

इथे आपल्याच समाजातून एक आक्षेप येतो आणि तो मी अनेकदा ऐकला आहे. ‘बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करीत. ते कुठे गॅदरिंगमध्ये नाचत होते? आमच्या पोराने पुस्तकात डोके घालावे, बाकीच्या भानगडी नकोत.’ हा आक्षेप प्रेमापोटी आहे. ज्या बापाने रोजंदारी करून मुलाला शिकवायला पाठविले त्याला मुलाचा एक तास वाया जाणेही परवडत नाही. तेव्हा हा आक्षेप झटकून न टाकता बाबासाहेबांचे विद्यार्थीजीवन नीट पाहिले पाहिजे.

बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले आणि मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात गेले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. १९१२ साली ते बी. ए. झाले. पण त्या महाविद्यालयात उपाहारगृहाचा चालक त्यांना चहा तर सोडाच, पाणीही देत नसे, हे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. म्हणजे एल्फिन्स्टनमध्ये बाबासाहेब वर्गाबाहेर मिसळले नसतील तर तो त्यांचा स्वभाव नव्हे. दारच बंद होते. हा मुद्दा आपण विसरतो. बंद दारामुळे जी गोष्ट झाली नाही तिला आपण आज आदर्श समजून दार उघडे असताना बाहेर उभे राहतो, हे विचित्र नव्हे काय?

दार उघडे मिळाले तेव्हा काय झाले? १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. वसतिगृहात नवल भथेना हे पारशी विद्यार्थी त्यांच्या सहवासात आले आणि ती मैत्री आयुष्यभर टिकली. पुढे बाबासाहेबांच्या अडचणीच्या काळात याच मित्राने मदत केली. अर्थशास्त्राचा विद्यार्थी असूनही ते इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र यांच्या वर्गांना बसले. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींविषयी निबंध वाचला. चर्चासत्र म्हणजे काय? पाचपंचवीस जणांसमोर उभे राहून आपले म्हणणे मांडायचे आणि प्रश्नांना उत्तरे द्यायची. तोच निबंध पुढच्या वर्षी ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला आणि आज जगभर वाचला जातो. लंडनला गेल्यावर तिथल्या विद्यार्थी संघापुढेही त्यांनी निबंध वाचला. कोलंबियाच्या माजी विद्यार्थ्यांच्या पत्रिकेत १९३० साली त्यांनी लिहिले तेव्हा पदवीचा बडेजाव न करता तिथले वर्गमित्र आणि ड्यूई, सेलिग्मन, शॉटवेल, रॉबिन्सन या प्राध्यापकांची आठवण काढली. अठरा तासांचा अभ्यास खरा होताच. परंतु तो अभ्यास माणसांत राहून केलेला होता!

आणि स्वतः महाविद्यालये काढण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी कशी काढली? पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ ची, मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ चे. सिद्धार्थमध्ये विद्यार्थ्यांची संसद भरे आणि स्वतः बाबासाहेब तिच्यापुढे बोलले आहेत. मग १९५० साली औरंगाबादेत आजचे मिलिंद महाविद्यालय निघाले. तोपर्यंत आपल्या मराठवाड्याची अवस्था काय होती हे नव्या पिढीला ठाऊक नसते. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. उच्च शिक्षण घ्यायचे तर हैदराबादला जायचे, १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात, आणि तिथे शिकण्याचे माध्यम उर्दू. उमरग्याच्या महारवाड्यातून किती जण तिथे पोहोचले असतील याचा विचारच केलेला बरा. मिलिंदच्या इमारतीची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली. नागसेनवनात वसतिगृहे उभी राहिली. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले आणि मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी ते बाबासाहेबांसमोर केले. १९५६ साली नागपूरलाही त्याचा प्रयोग झाला. ज्यांच्या वाडवडिलांना देवळाच्या पायरीवर उभे राहू दिले नाही ती मुले रंगमंचाच्या मधोमध उभी राहिली आणि घटनाकार समोर बसून पाहत होते. ‘गॅदरिंग म्हणजे वेळेचा अपव्यय’ असे म्हणणाऱ्याने हे चित्र एकदा डोळ्यांसमोर आणावे. पुढे ज्या ‘अस्मितादर्श’ने दलित साहित्याला घर दिले, त्याचे संपादक गंगाधर पानतावणे हेही मिलिंदमध्येच प्राध्यापक होते. चळवळ, साहित्य, नाट्य ही सर्व झाडे महाविद्यालयाच्या आवारातच रुजली.

‘मिलिंद’ हे नाव तरी कोणाचे? प्रश्न विचारणाऱ्या राजाचे. आणि नागसेन कोण? उत्तर देणारा भिक्खू. आपल्या वाचकांना रथाचा दृष्टान्त माहीत आहेच. आस म्हणजे रथ नव्हे, चाक म्हणजे रथ नव्हे, जू म्हणजे रथ नव्हे. या सर्वांच्या जुळणीला रथ म्हणायचे. महाविद्यालयाचेही तसेच आहे. इमारत म्हणजे महाविद्यालय नव्हे, तास म्हणजे नव्हे, परीक्षाही नव्हे. ग्रंथालय, मैदान, वसतिगृह, भित्तिपत्रक, वार्षिक अंक, शिबिर, प्राध्यापकांच्या खोलीबाहेर उभे राहून विचारलेली शंका, हे सगळे मिळून ते होते. नुसत्या तासांना बसणाऱ्याला चाक मिळाले, रथ मिळाला नाही.

आता प्रत्यक्ष व्यवहाराकडे येऊ. पहिल्या वर्षी शिरायचे कुठून?

माझे मत विचाराल तर ग्रामीण भागातल्या मुलामुलींसाठी राष्ट्रीय सेवा योजनेइतके सोपे दार दुसरे नाही. ही योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, देशातील ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. हिला वाद्य यावे लागत नाही, गळा लागत नाही, बूट लागत नाहीत. खोरे आणि टिकाव धरता आला पाहिजे, आणि तो आपल्या मुलांना शहरातल्या मुलांपेक्षा चांगला धरता येतो! स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करायचे असते आणि एक सात दिवसांचे विशेष शिबिर पूर्ण करायचे असते. २४० तास ऐकून पालक घाबरतात. आम्हा बँकेच्या माणसांना आकडे मोडून पाहायची खोड असते, म्हणून सांगतो : दोन वर्षांचे दिवस ७३०, म्हणजे दिवसाला २० मिनिटेही पडत नाहीत. तेवढा वेळ बसस्थानकावर गाडीची वाट पाहण्यात जातो.

शिबिराची खरी कमाई मात्र शोषखड्ड्यात किंवा वृक्षारोपणात नसते. दिवसभर श्रमदान झाले की संध्याकाळी बौद्धिक सत्र असते. पाहुणे बोलतात आणि शेवटी कोणीतरी आभार मानायचे असतात. हे आभार प्रदर्शन कोणालाच नको असते. सूत्रसंचालन सगळ्यांना हवे, स्वागतगीत हवे, आभाराला मात्र सगळे मान खाली घालतात. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याने नेमके तेच मागून घ्यावे. दोन मिनिटांचे काम असते, श्रोते उठण्याच्या घाईत असतात, चूक झाली तरी कोणी लक्ष देत नाही. आणि माईकसमोर उभे राहण्याचा पहिला धडा मात्र मिळून जातो. मीही अशाच एका शिबिरात, गावच्या शाळेच्या ओट्यावर, आभारानेच सुरुवात केली. आज काउंटरवर चिडलेल्या खातेदाराशी बोलताना आवाज चढत नाही किंवा पडत नाही, त्यात त्या ओट्याचा वाटा आहे असे मला वाटते.

आपल्या तालुक्याला या सेवेचे मोल वेगळे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा सास्तूरपासून आपल्या सगळ्या पट्ट्यात घरांचे ढिगारे झाले. आज चाळिशीत असलेल्यांनी शाळकरी वयात ते पाहिले आहे. ढिगारे उपसण्यापासून अन्नवाटपापर्यंत ठिकठिकाणच्या महाविद्यालयांतील तरुण आले होते. त्यांतल्या कित्येकांना मराठवाड्याची मराठीही नीट कळत नव्हती, पण काम अडले नाही.

भाषेचा विषय निघाला म्हणून थोडे विषयांतर. आपल्या भागातली मुले बोलायला कचरतात त्याचे मोठे कारण भाषा हे आहे. ‘काय करूलालास’ असे घरी बोलणारा मुलगा वर्गात पुण्याची मराठी ऐकतो आणि गप्प बसतो. सीमेवरच्या गावांतून येणाऱ्याच्या बोलण्यात कानडीची छटा असते, ती वेगळीच. याला औषध एकच : बोलत राहणे. प्रमाण मराठी ही लिहायची भाषा म्हणून शिकून घ्यावी, तिच्याविषयी राग धरू नये. आणि घरच्या बोलीची लाजही धरू नये. विद्यापीठाच्या युवक महोत्सवात तर हीच बोली कामाला येते. तिथे पोवाडा असतो, भारूड असते, लोकनाट्य असते, एकांकिका आणि नकला असतात, आणि जलसाही असतो. ज्याच्या आजोबांनी गावोगावच्या जयंतीत भीमगीते गाइली त्याच्या घरात ही विद्या चालत आलेली आहे. ती शिकायला त्याला कोणत्याही शिकवणीची गरज नाही. महोत्सव सहसा पहिल्या सत्राच्या परीक्षेच्या आधी येतो, म्हणून तयारी जुलै-ऑगस्टपासूनच महाविद्यालयात सुरू होते. सप्टेंबरमध्ये जाऊन ‘सर, मला घ्या’ म्हटले तर संघ ठरलेला असतो. दरवर्षी चांगले गळे केवळ एवढ्या कारणाने बाहेर राहतात.

खेळाची आणि राष्ट्रीय छात्रसेनेची गोष्ट थोडक्यात सांगतो. छात्रसेना १९४८ ची. तिचे ‘सी’ प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत असेल तर पदवीनंतर सैन्यात अधिकारी होण्यासाठी लेखी परीक्षेशिवाय थेट मुलाखत मंडळापुढे जाण्याची खास वाट आहे. आपल्याकडे शिपाईभरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणारी मुले पुष्कळ दिसतात; अधिकाऱ्याची ही वाट त्यांतल्या फार थोड्यांना माहीत असते. नावनोंदणी पहिल्याच वर्षी करावी लागते. दुसऱ्या वर्षी जाग आली तर ‘सी’पर्यंत पोहोचायला वर्षे उरत नाहीत.

अलीकडे आणखी एक बदल झाला आहे, तो पालकांनी समजून घ्यावा. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत पदवीचे प्रथम वर्ष श्रेयांकांवर चालू लागले. एका सत्राला साधारण २२ श्रेयांक असतात आणि त्यांत सह-अभ्यासक्रमाचेही असतात. राष्ट्रीय सेवा योजना, छात्रसेना, क्रीडा, योग, सांस्कृतिक उपक्रम हे आता त्यांत मोजले जातात. म्हणजे कालपर्यंत ज्याला ‘भानगडी’ म्हटले गेले ते आज गुणपत्रिकेवर आले! हे श्रेयांक साठविण्यासाठी ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ नावाची व्यवस्था आहे. नावात बँक असली तरी तिचा आमच्या शाखेशी काही संबंध नाही, हे इथे लिहून ठेवतो. कारण तिचे खाते उघडायला विद्यार्थी आमच्याकडे येतात. ते खाते डिजिलॉकरवरून मोबाईलवर उघडते. जमा झालेले श्रेयांक सात वर्षे वापरता येतात, त्यामुळे लग्न, बाळंतपण किंवा घरची अडचण यामुळे शिक्षण मध्येच थांबले तरी केलेला अभ्यास बुडत नाही. विशेषतः मुलींच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे. मात्र धोका असा की, विद्यार्थी सह-अभ्यासक्रम म्हणजे फक्त सही आणि छायाचित्र असे समजू लागतील. काही ठिकाणी तसे होऊही लागले आहे. झाड लावल्याचे छायाचित्र काढून झाड विसरणाऱ्याला श्रेयांक मिळतील, झाड मिळणार नाही.

मुलींचा प्रश्न वेगळा आहे आणि तो ‘धीट व्हा’ एवढे सांगून सुटणारा नाही. बारावीपर्यंत मुलींना एस. टी.चा मोफत पास असतो. महाविद्यालयात आल्यावर तो थांबतो आणि सवलतीचा पास काढावा लागतो. चारनंतरची गाडी चुकली तर पुढची केव्हा, हा घरच्यांचा प्रश्न रास्त आहे. नाटकाची तालीम संध्याकाळी सहापर्यंत ठेवली की आपोआप त्यातून गावच्या मुली बाद होतात. कोणी त्यांना बाद केले असे दिसतही नाही. तेव्हा मुलींनी दोन-तीन जणींनी मिळून प्राध्यापकांना लेखी विनंती करावी की, तालीम दुपारी ठेवा. एकटीने तोंडी सांगितलेले विसरले जाते, तिघींनी कागदावर दिलेले विसरता येत नाही. ज्यांना तेही शक्य नाही त्यांच्यासाठी वार्षिक अंक आहे, भित्तिपत्रक आहे. लेख घरी बसून लिहिता येतो आणि छापलेले नाव कोणत्याही गाडीला बांधलेले नसते.

घरची परिस्थिती बेताची असेल तर ‘कमवा आणि शिका’ योजनेची चौकशी पहिल्याच महिन्यात करावी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेत रुजविलेला हा विचार आज विद्यापीठे राबवितात. ग्रंथालयात, कार्यालयात, प्रयोगशाळेत काम करून मिळणारे मानधन फार नसते. पण ग्रंथालयात काम करणाऱ्या विद्यार्थ्याला कोणते पुस्तक कोणत्या कपाटात आहे हे कळते, ते मानधनाहून अधिक आहे. शिवाय कार्यालयातली माणसे ओळखीची होतात, त्यामुळे पुढचे दाखले वेळेवर निघतात.

विद्यार्थी प्रतिनिधित्वाबद्दलही दोन शब्द. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने निवडणुका बंद होऊन गुणवत्तेवर वर्गप्रतिनिधी नेमण्याची पद्धत आली. २०१६ च्या कायद्यात थेट निवडणुकीची तरतूद झाली, पण २०१९ साली घ्यायच्या ठरलेल्या निवडणुका लांबणीवर पडल्या. निवडणूक नाही म्हणून नेतृत्व थांबत नाही. मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १९५८ ची. त्याला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव १९७८ साली विधिमंडळात झाला आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. त्या सोळा वर्षांच्या लढ्यात विद्यार्थी होते आणि त्यांना कोणी निवडून दिलेले नव्हते. परंतु आजच्या मुलाने हेही ओळखावे की, बॅनरवर छायाचित्र लावून घोषणा द्यायला बोलावणारा प्रत्येक जण चळवळीचा नसतो. जो परीक्षेच्या आठवड्यातही मोर्चाला बोलावतो आणि निकालाच्या दिवशी फोन उचलत नाही, त्याच्यापासून चार हात दूर राहिलेले बरे. जयंतीच्या डॉल्बीसाठी वर्गणी गोळा करण्यात जितके दिवस जातात तितक्या दिवसांत एक भिंत रंगवून भित्तिपत्रक चालविता येते. हे काहींना आवडणार नाही, तरी लिहितो.

आता थोडे कठीण. दूरच्या मोठ्या संस्थेत गेलेल्या आपल्या मुलामुलींना काय सोसावे लागते ते आपण पाहिले आहे. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठातील रोहित वेमुला गेला. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. या दोन्ही घटनांनी प्रत्येक घरात धसका बसला आणि काही पालकांनी मुलांना बाहेर पाठविणेच थांबविले. मला वाटते, दूर पाठविणे थांबवू नये. एकटे पाठविणे थांबवावे. ज्याची खोली, ज्याचा गट, ज्याचे दोन प्राध्यापक आणि चार मित्र आहेत त्याच्यावर आलेला प्रसंग लपून राहत नाही. सहभाग म्हणजे हौस नव्हे, संरक्षण आहे, असे मी म्हणतो ते याच अर्थाने. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ सालीच झाला. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे, आणि तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाची मोफत दूरध्वनी सेवा १८००-१८०-५५२२ या क्रमांकावर आहे. जातीवरून भेदभाव होऊ नये म्हणून आयोगाने २०१२ साली नियम केले, त्यांत समान संधी कक्षाची तरतूद आहे. आपल्या महाविद्यालयात तो कक्ष कोणत्या खोलीत आहे आणि त्याचे प्रमुख कोण, हे पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवावे. गरज पडल्यावर शोधायला गेले की खोलीला कुलूप असते.

सहभागालाही मर्यादा हवी, हेही सांगितले पाहिजे. सगळीकडे नाव देणारा कुठेच दिसत नाही. पहिल्या वर्षी एक काम मनापासून धरावे, फार तर दोन. ७५ टक्के हजेरी सांभाळावी, कारण शिष्यवृत्तीचे गाडे तिच्यावर अडते. महोत्सवासाठी तास चुकणार असतील तर तशी लेखी नोंद विभागप्रमुखांकडे करून घ्यावी.

शिष्यवृत्तीचा विषय माझ्या रोजच्या कामातला आहे, म्हणून तो शेवटी घेतो. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांना वार्षिक अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. अर्ज भरण्यात मुले हुशार झाली आहेत, पण पैसे अडकतात ते खात्यात. आधार खात्याला ‘जोडणे’ आणि सरकारी रक्कम घेण्यासाठी ते ‘संलग्न’ करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रक्कम जाते ती ज्या बँकेत आधार शेवटी संलग्न झाले तिथे. कोणीतरी मोबाईलवर दुसरे खाते उघडून देतो, संमतीच्या चौकटीत बोट दाबले जाते, आणि शिष्यवृत्ती तिकडे जाऊन बसते. मग विद्यार्थी आमच्या काउंटरवर महिनाभर ‘पैसे आले का’ विचारत येतो आणि तास बुडतात, सराव बुडतो, शिबिर बुडते. शिवाय दोन वर्षे काहीच व्यवहार नसेल तर खाते निष्क्रिय होते. शाळेत असताना उघडलेल्या खात्यांचे हेच झालेले असते. आणखी एक गोष्ट. केंद्राचा ६० टक्के हिस्सा आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो व त्यात महाविद्यालयाचे शुल्कही असते. ते सात दिवसांत महाविद्यालयात भरायचे असते. ती रक्कम पाहून नवा मोबाईल घेणाऱ्यांची तिसऱ्या सत्राला काय गत होते ते कार्यालयातल्या लिपिकांना विचारावे.

तेव्हा प्रवेशाची पावती हातात आली की आधार, पॅन असल्यास पॅन, दोन छायाचित्रे आणि बोनाफाईड घेऊन ज्या बँकेत खाते आहे तिथे स्वतः जावे, नोंद तपासून घ्यावी आणि मोबाईल क्रमांक स्वतःचाच आहे ना ते पाहावे. अर्ध्या तासाचे काम आहे. मात्र महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जाऊ नये. तेव्हा पेन्शनची रांग दारापर्यंत असते.